तिसरी हाक

ही गोष्ट खरी आहे.

मैत्रिणीला पहिल्यांदा सांगितली तेव्हा ती फिदीफिदी हसली. म्हणाली, "भर दुपारी कुठे भूत असतं का गं?"

म्हणून आधीच सांगून टाकते. हो, भर दुपारी. शनिवार होता. अर्ध्या दिवसाची शाळा सुटून गेली होती. घड्याळात बारा वाजून दहा मिनिटं. शाळेचं ऑफिस, तळमजला, खिडक्या सताड उघड्या आणि बाहेर डोळे दिपवणारं ऊन.

आणि हे घडलं माझ्या सख्ख्या आत्याच्या बाबतीत.

आत्या खोटं बोलत नाही. निदान... त्या शनिवारपर्यंत तरी बोलली नव्हती.

आमचं घराणंच मास्तरांचं. पणजोबा मास्तर, आजोबा मास्तर, आजी बालवाडीची बाई, बाबा कॉलेजात शिकवतात. आमच्याकडे कुणाला वाढदिवसाचं कार्ड दिलं, तर शुद्धलेखनाच्या चुकांना लाल गोल करून ते परत मिळतं. मला मिळालंय. दोनदा.

पण आत्या सगळ्यांवर कडी. सरकारी शाळेत सहावीला गणित शिकवते. वर्गात बेचाळीस मुलं. कुणाला फळा दिसत नाही पण सांगायची लाज वाटते, कुणाच्या घरी सकाळी भांडण झालंय, कोण उपाशीपोटी आलंय, हे तिला मुलांच्या चेहऱ्यावरून कळतं. तिच्या पर्समध्ये लिपस्टिक नसते. दोन खोडरबर, सेफ्टी पिना आणि लहान मापाच्या मोज्यांचा एक जोड असतो.

आणि आमच्या घराण्याचा एक नियम आहे. पणजोबांपासूनचा.

हजेरी घेताना हाक तीनदा मारायची.

एखादं पोर बुटाची नाडी बांधत असतं. एखादं खिडकीतून पक्षी बघत असतं. एखाद्याच्या तोंडून भीतीने आवाज फुटत नाही. म्हणून तीनदा. तिसऱ्या हाकेलाही उत्तर आलं नाही, तरच नावापुढे लाल पेनाने 'गै' लिहायचं. गै म्हणजे गैरहजर.

आजोबा म्हणायचे, "समोर बसलेल्या पोराला गैरहजर लावणं म्हणजे जिवंत माणूस खोडण्यासारखं आहे."

आजोबा याच शाळेत होते. एकतीस वर्षं. एकही दिवस बुडवला नाही.

म्हणजे... रजिस्टरप्रमाणे एक दिवस बुडवला.

शेवटचा.

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मागच्या जिन्याचा कठडा खिळखिळा झाला होता. आजोबांनी तीन वेळा लेखी कळवलं होतं. मुख्याध्यापकांनी तिन्ही अर्ज फाइलला लावले आणि फाइल कपाटात ठेवली. हे मुख्याध्यापक टेबलावर डस्टर आपटून बोलायचे, म्हणून पोरांनी त्यांचं नाव ठेवलं होतं डस्टर सर.

त्या सकाळी सव्वासहाला आजोबा शाळेत आले. मस्टरवर सही केली. मस्टर म्हणजे शिक्षकांच्या हजेरीचं रजिस्टर. मग पोरं यायच्या आत कठड्याला दोरी बांधून ठेवू, म्हणून वर गेले.

कठडा तुटला.

शिपाई मावशींना ते खाली सापडले. हातात दोरी तशीच होती.

चौकशी झाली. डस्टर सरांनी मस्टर पुढे केलं. त्या दिवशी आजोबांच्या नावापुढे सही नव्हती. लाल शाईत ठसठशीत 'गै' होतं.

"कामावर नसलेला माणूस वर काय करत होता, देव जाणे," असं डस्टर सर म्हणाले. ते वाक्य आमच्या घरात अकरा वर्षं फिरत होतं. आजी तर ते ऐकून जी गप्प झाली, ती गेलीच.

मागच्या वर्षी आत्याची बदली याच शाळेत झाली. बाबा म्हणाले, "नको जाऊस. अर्ज कर." आत्या म्हणाली, "का? मुलं तिथेही आहेतच की." पण एवढंच नव्हतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

एके दिवशी शिपाई मावशींनी तिला पाण्याच्या टाकीमागे गाठलं.

"बाई, तुमच्या वडिलांनी सही केली होती. मी बघितलं. पेन चालेना म्हणून त्यांनी झटकलं. कागदाच्या कडेला निळा थेंब पडला. मी पुसत होते, तर म्हणाले, राहू दे गं, सुट्टीत बघू."

"अकरा वर्षं का बोलला नाहीत?"

मावशी खाली बघत म्हणाल्या, "दोन लेकरं होती हो पदरात."

आत्याने मावशींचा हात दाबला. तिने एकच ठरवलं. ते मस्टर बघायचं.

आणि मग तो आठवडा आला.

सोमवारी सूचना लागली. दहा वर्षांपेक्षा जुनी सगळी रजिस्टरं शनिवारी रद्दीच्या गाडीत जाणार. डस्टर सर महिनाअखेरीस निवृत्त होणार होते. जाता जाता कपाट साफ करत होते.

आत्या ऑफिसात गेली. "सर, मला एक जुनं मस्टर बघायचंय."

डस्टर सरांनी मान वर केली नाही. "जुनं उकरून काय मिळणार बाई?"

"माझे वडील त्या दिवशी शाळेत होते."

"नव्हते." त्यांनी डस्टर आपटलं. "मस्टर बोलतं बाई, मी नाही."

आत्या बाहेर आली. तिचे कान तापले होते. तशीच वर्गात गेली आणि हजेरी घ्यायला लागली. एक... हजर. दोन... हजर. असं करत बेचाळीस. हजेरीपट मिटणार, एवढ्यात...

"ह...जर."

शेवटच्या बाकामागून. जाड, खडूच्या धुळीने बसलेला आवाज.

वर्गात कुणी हसलं नाही. हेच तिला खटकलं. सहावीचा वर्ग आणि हसला नाही!

मॉनिटर मुलगी उठली. तिला सगळे चष्मिष्ट म्हणतात. ती म्हणाली, "बाई, त्रेचाळिसावं कोण आहे?"

"कुणी नाही. बस खाली."

आत्या फळ्याकडे वळली. पाठीमागे आवाज झाला.

कट.

खडू मोडल्याचा. नवा खडू किंचाळतो, म्हणून आजोबा लिहिण्याआधी तो मधोमध मोडायचे. आत्याच्या हातात खडू होता. अख्खा.

मंगळवारी सकाळी ऑफिसात आरडाओरडा. मस्टरवरची डस्टर सरांची सोमवारची सही गायब होती. चौकोन कोरा.

"कसली पेनं आणता? शाई उडून जाते!" ते मावशींवर खेकसले.

बाकी सगळ्यांच्या सह्या जागेवर होत्या. त्याच पेनाने केलेल्या.

बुधवारी मागच्या अख्ख्या महिन्याच्या सह्या गेल्या. आत्याने जवळून बघितलं. कागद कुठे पुसलेला नव्हता. जणू त्या चौकोनात कधी कुणी लिहिलंच नव्हतं.

त्याच दिवशी मधल्या सुट्टीत चहा आला. माणसं नऊ, कप आठ.

"मावशी, माझा?" डस्टर सर म्हणाले.

मावशी ट्रे घेऊन त्यांच्या समोरून निघून गेल्या.

शिक्षकांना गंमत वाटेल, असं आत्याला वाटलं. मावशींनी चांगली जिरवली म्हणून कुणीतरी डोळा तरी मारेल. पण कुणी मारला नाही. कुणी त्यांच्याकडे बघतच नव्हतं. चित्रकलेचे सर तर बोलता बोलता त्यांच्या मांडीवर बसायला निघाले. डस्टर सर धडपडत बाजूला झाले.

गुरुवारी सकाळच्या परिपाठाला ते माइकसमोर उभे राहून बोलत होते. त्यांच्या बोलण्यावरच मुलांनी गाणं सुरू केलं. त्यांचे ओठ हलत राहिले. मग थांबले. शेवटच्या ओळीत उभ्या असलेल्या आत्याकडे त्यांनी बघितलं.

तीही त्यांच्याकडेच बघत होती.

शुक्रवारी त्यांनी तिला व्हरांड्यात गाठलं. दाढी वाढलेली. शर्ट कालचाच.

"बाई, मी तुम्हाला दिसतो ना?"

आत्याने मान हलवली.

"काल बायकोने आतून कडी लावून घेतली. मी बेल वाजवतोय, ती आत टीव्ही बघतेय. मग दार उघडून बाहेर बघितलं... माझ्या आरपार. आणि म्हणाली, कुणी नाही." त्यांचा आवाज चिरकला. "ते रोज माझ्या केबिनमध्ये येतात. खडू मोडतात. नावही घेतलंय माझं. मंगळवारी एकदा घेतलं. काल दुसऱ्यांदा. मी हजर म्हणतो बाई! ओरडून म्हणतो! ते ऐकतच नाहीत."

"दोनदा?" आत्याने विचारलं.

"दोनदा."

तिच्या अंगावर सरसरून काटा आला. पण ती मला खरं सांगते म्हणाली, म्हणून मीही खरंच लिहिते. त्या काट्यासोबत तिला आणखी काहीतरी वाटलं.

गार वाटलं. उन्हातून आल्यावर माठातलं पाणी प्यायल्यासारखं.

शनिवारी शाळा सुटली. मुलं गलका करत गेली. शिक्षक गेले. आत्या ऑफिसात आली तेव्हा डस्टर सर जमिनीवर बसले होते. कपाट उघडं. मांडीवर एक जुनं, निळ्या कापडी पाठीचं रजिस्टर.

"घ्या," ते म्हणाले. "गाडी यायच्या आत घ्या. काय हवं ते करा. पण मला सोडवा."

आत्याने ते टेबलावर ठेवलं. पान शोधावं लागलं नाही. आपोआप तिथेच उघडलं.

आजोबांचं नाव. पुढे लाल 'गै'. आणि कागदाच्या कडेला... निळा थेंब.

तिने पान उचलून खिडकीच्या उजेडात धरलं. सगळा कागद पिवळट, जाड. फक्त त्या एका चौकोनातून ऊन आरपार येत होतं. ब्लेडने खरवडलेला कागद होता तो. कांद्याच्या पापुद्र्याइतका पातळ. त्या पातळ जागेत, लाल अक्षराखाली, निबाने उमटलेला खोल ओरखडा अजून होता. आजोबांच्या सहीचं शेवटचं वळण.

"हे तुम्ही केलंत."

"घाबरलो होतो हो. माझी नोकरी गेली असती. तीन अर्ज होते ना त्यांचे..."

"ते पडले तेव्हा जिवंत होते, सर. मावशींनी सांगितलं. दवाखान्यात न्यायच्या आधी तुम्ही इथे बसून ब्लेड चालवत होतात?"

डस्टर सरांनी तोंड ओंजळीत लपवलं.

हे मात्र आत्याला माहीत नव्हतं. तिने अंधारात खडा टाकला होता. मावशींनी तसं काहीच सांगितलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा ती खोटं बोलली, आणि ते खरं निघालं.

"किती वेळ?" तिने विचारलं.

"दहा... दहाच मिनिटं."

कट.

अगदी तिच्या उजव्या खांद्यामागे.

ती वळली नाही. तिला खडूचा वास आला. आजोबांच्या कोटाला यायचा तोच. समोरच्या टेबलावर यंदाचं मस्टर उघडं पडलं होतं. शनिवारचा रकाना. आठ सह्या. सर्वात वरचा, मुख्याध्यापकांचा चौकोन कोरा. आणि पानावर एक लाल पेन. टोपण काढलेलं. क्षणापूर्वी तिथे नव्हतं.

"बाई," डस्टर सर गुडघ्यांवर सरकत आले. "तुम्ही हजर लावा ना. तुम्हाला मी दिसतो. तुम्हाला ऐकू येतो. तुम्ही लावलंत की ते मानतील. तुमच्या हातात आहे."

आत्याने लाल पेन उचललं.

ते कोमट होतं. आत्ताच कुणाच्या तरी हातातून खाली ठेवल्यासारखं.

तिने त्यांचं पूर्ण नाव घेतलं. वडिलांच्या नावासकट. वर्गात घेते तसं, स्वच्छ.

"हजर!" डस्टर सर ओरडले. "हजर बाई!"

आत्या थांबली. एक... दोन... तीन. मग दुसरी हाक.

"हजर! हा बघा, इथे आहे! तुमच्या समोर!" ते उभे राहिले. दोन्ही हात वर केले, पोरं करतात तसे.

बाहेर रद्दीच्या गाडीचा हॉर्न वाजला.

तिसरी हाक.

ते रडत होते. तोंड उघडलं होतं. तो 'हजर' इतका मोठा होता की खिडकीची काच थरथरली. आत्याला दिसलं. थरथरली.

आणि तिने मस्टरवर मान खाली घातली.

"उत्तर आलं नाही," ती म्हणाली.

"बाई!"

"मस्टर बोलतं सर, मी नाही."

तिने लिहिलं. दोनच गोष्टी लिहायच्या होत्या. ग. वर दोन मात्रा.

गै.

ते उभे होते तिथे फक्त किल्ल्यांचा जुडगा जमिनीवर पडला.

मग काहीच नाही. घड्याळ. पंखा. ऊन.

मावशी दारात आल्या. "बाई, एकट्याच कुणाशी बोलत होतात?"

"डस्टर सर..." आत्या म्हणाली.

मावशी गोंधळल्या. "कोण?"

आत्याने जुनं मस्टर पुन्हा उजेडात धरलं. कागद सगळीकडे सारखाच जाड होता. लाल अक्षर नव्हतं. तिथे निळ्या शाईत आजोबांची सही होती. पूर्ण. शेवटच्या वळणासकट. पाठीमागचा खडूचा वास हळूहळू विरत गेला, तास संपवून कुणी वर्गाबाहेर पडावं तसा.

मग ती रडली. मावशींनी तिला पाणी दिलं.

त्या पानाची प्रत आज आमच्या हॉलमध्ये आजोबांच्या फोटोखाली फ्रेममध्ये आहे. चौकशीच्या फाइलमधली ओळही बदललेली निघाली. 'कर्तव्यावर असताना मृत्यू.' कुणी बदलली, कधी बदलली, कुणाला आठवत नाही. बाबांना वाटतं आत्याने अर्जबिर्ज करून लढून मिळवलं. ती त्यांना वाटू देते.

शाळेत मुख्याध्यापकांच्या नावांचा लाकडी फलक आहे. त्यात मधली एक ओळ रिकामी आहे. बोट फिरवलं तर लाकूड तिथे किंचित खोलगट लागतं. मी स्वतः फिरवून बघितलंय. विचारलं तर म्हणतात, ती वर्षं पद रिक्त होतं.

सायकल स्टँडमध्ये एक राखाडी स्कूटर उभी आहे. कुणाची, कुणालाच माहीत नाही.

आत्या एकदा त्यांच्या घरीही गेली. दार एका बाईंनी उघडलं. दारात पुरुषाच्या चपला होत्या.

"या कुणाच्या?"

बाई चपलांकडे खूप वेळ बघत राहिल्या. "माहीत नाही हो. मी तर एकटीच राहते. पण टाकवत नाहीत."

आत्या घरी आली आणि त्या रात्री जेवली नाही.

हे सगळं तिने मला मागच्या महिन्यात सांगितलं. आम्ही दोघी स्वयंपाकघरात होतो, ती पेपर तपासत होती, मी बेरजा करून देत होते.

"मग आता तरी सगळं शांत आहे ना?" मी विचारलं.

तिचं लाल पेन थांबलं.

"आजोबांचा आवाज त्या शनिवारनंतर आला नाही. पण सोमवारी हजेरी घेतली. बेचाळीस झाले..." ती दाराकडे बघत म्हणाली. "आणि वर्गाच्या दारातून आवाज आला. बारीक. हजर, बाई. चष्मिष्ट उठली. म्हणाली, बाई, कुणीतरी बोललं."

"तू काय म्हणालीस?"

"कुणी नाही म्हटलं. बस खाली."

"मग?"

"मग रोज. रोज येतो तो. तीनदा म्हणतो. आणि मी हजेरीपट मिटते."

माझ्या हातातली बेरीज चुकली. मी खोडली. खरं तर मला विचारायचं नव्हतं, पण माझं तोंड कधी गप्प बसलंय?

"आत्या, त्या दिवशी तुला ऐकू आलं होतं ना? खरं सांग."

आत्याने पेनाला टोपण लावलं.

"पहिल्याच हाकेला."

"मग तीनदा का मारलीस?"

ती हसली. वर्गात हसते तसं. छान.

"घराचा नियम आहे ना गं."

मला आत्या फार आवडते. माझ्या मते तिने बरोबरच केलं. मी असते तर मीही तेच केलं असतं, असं मी स्वतःला रोज सांगते.

फक्त आता आमच्या वर्गात हजेरी सुरू झाली की मला धडधडतं. माझा नंबर एकोणीस. मी "हजर" इतक्या मोठ्याने ओरडते की सगळा वर्ग हसतो.

हसू दे.

मी पायाच्या बोटांवर उभी राहून बघते... बाईंनी माझ्या नावापुढे काय लिहिलं ते.